कारळ्याची चटणी आणि पिवळी पाखरं

रात्री साडेअकराला मावशीचा फोन आला, तेव्हाच वाटलं काहीतरी बिनसलंय. एडिसनमध्ये तेव्हा दुपारचा एक वाजत असणार. मावशीचे फोन ठरलेले. रविवारी सकाळी, माझा चहा आणि तिचं रात्रीचं जेवण आटोपल्यावर. मधल्या वारी, तेही अशा वेळी, तिचा फोन कधी येत नाही.

"अगं, ती पाखरं येईनाशी झालीत," ती म्हणाली.

"कुठली पाखरं?"

"तुझ्या काकांची. पिवळी."

गोष्ट गेल्या नोव्हेंबरची. काका सप्टेंबरमध्ये गेले. न्यू जर्सीतल्या त्यांच्या घरामागे परसबागेत एक उभं पारदर्शक नळकांडं टांगलेलं आहे. त्याला बारीक फटी, फटींखाली बसायला काड्या. रिटायर झाल्यावर काकांचं ते सगळ्यात लाडकं प्रोजेक्ट. त्या नळकांड्यावर गोल्डफिंच यायचे. आपल्या चिमणीपेक्षा लहान पाखरू. उन्हाळ्यात नर हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळाधमक होतो. पंख काळे, कपाळावर काळी टोपी. १९३५ पासून हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे, हे काकांनी आम्हाला किमान शंभर वेळा सांगितलं असेल. फॅमिली ग्रुपवर रोज संध्याकाळी एक फोटो. मी बहुतेक वेळा न उघडताच अंगठा टाकून मोकळी व्हायचे. डेडलाइन, ट्रॅफिक, नंतर बघू. आता ते सगळे फोटो उघडून बघितले. पण काकांना ते कसं कळणार?

"ते गेले, महिन्याभरात पाखरंही गेली," मावशी म्हणाली. "त्यांना कळलं असेल का गं?"

काय उत्तर देणार? तिचं पुढचं वाक्य आणखी अवघड होतं. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, तिला टेक्ससला स्वतःकडे बोलावत होता. घर विकायचं, तिकडे राहायला यायचं. मावशीचा पाय निघत नव्हता. "पण आता वाटतं, इथे उरलंय काय? पाखरंसुद्धा निघून गेली."

मास कॉमची डिग्री घेतली की नातेवाइकांचा समज होतो, हिला सगळं माहीत असतं, आणि नसलं तरी ही शोधून काढते. मी "बघते" म्हटलं. सवयीने. मग विचारलं, "त्या नळकांड्यात काय घालतेस? पिशवीचा फोटो पाठव." फोटो आला. काळे, चकचकीत, सुईसारखे बारीक दाणे. पिशवीवर लिहिलेलं 'नायजर'. मी काही ते ओळखले नाहीत.

माझा स्वतःचा पक्ष्यांबाबतचा रेकॉर्ड, खरं सांगायचं तर, लाजिरवाणा आहे. दोन वर्षांपूर्वी काकांचंच बघून मी सिंहगड रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक छानसा लाकडी फीडर टांगला. त्यात तांदूळ, ज्वारी, उरलेली शेव. तिसऱ्या दिवशी कबुतरं आली. दहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, वाळत घातलेली साडी हातात घेऊन. बाराव्या दिवशी सोसायटीची नोटीस. फीडर माळ्यावर गेला, कबुतरं मात्र अजून येतात. त्यामुळे मावशीला सल्ला द्यायला मी शेवटची व्यक्ती.

त्या फोननंतर दोनच दिवसांनी मला मणिबेलीला जायचं होतं. एका शाळेवर फीचर लिहायचं होतं, तिकीट आधीच काढलेलं.

मणिबेलीचं परस

मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. नाव ऐकल्यासारखं वाटत असेल, तर त्याला कारण आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातलं जे गाव आधी गाठलं ते हे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथला सत्याग्रह जगभर गाजला. १९९३ मध्ये या धरणासाठीचं जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. दुसऱ्या वर्षी, १९९४ मध्ये, मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत अशी मागणी करणारं एक निवेदन निघालं. त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी सह्या केल्या. त्या निवेदनाचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'. गुगल मॅपवर झूम करून करून शोधावं लागणाऱ्या गावाचं नाव असं जगाच्या कागदपत्रांत जाऊन बसलं. धरण थांबलं नाही. २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. काठावरचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ कधीच पाण्याखाली गेलेलं. नवं देऊळ गुजरातेत बांधलंय.

जीप, मग पायवाट, मग होडी. होडीतून बघताना पाणी इतकं शांत आणि निळं दिसतं की आपल्यातला टुरिस्ट लगेच मोबाइल काढतो. मीही काढला. होडीवाला दादा म्हणाला, "याच्या खाली शेतं आहेत." मी मोबाइल परत पर्समध्ये ठेवला.

शाळेतल्या गुरुजींनी माझी राहायची सोय एका आजींकडे केली होती. सगळे त्यांना याहा म्हणत. भिलीत याहा म्हणजे आई. घर उतारावर, सागाचे खांब, बांबूच्या कुडाला मातीचा लेप, वर कौलं. मागे परस. आता 'परसबाग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॉन, दोन गुलाब आणि एक झोपाळा येतो. इथे कुंपणाला तुरीच्या काड्या. आत मका काढून झालेला, त्याची ताटं तशीच उभी. एका कडेला ज्वारीची एक ओळ, कणसांसकट न कापलेली. तिच्या पायाशी गुडघाभर उंचीची वाळकी झुडपं, टोकाला करड्या बोंडांसारखं काहीतरी. आणि या सगळ्यावर पाखरंच पाखरं. ठिपक्याठिपक्यांच्या छातीच्या मुनिया थव्याने उठत होत्या, परत बसत होत्या. कुंपणावर चिमणीसारखी दिसणारी तपकिरी पाखरं रांगेत. माझ्या इम्पोर्टेड फीडरला बारा दिवसांत जमलं नाही ते इथे आपोआप चाललेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी याहा अंगणात सूप घेऊन बसल्या. सुपातून काळे, चकचकीत, सुईसारखे बारीक दाणे टोपलीत पडत होते. मी बघतच राहिले. मोबाइल काढला, मावशीने पाठवलेला फोटो उघडला आणि टोपलीशेजारी धरला. तेच. अगदी तेच!

"हे काय आहे?" मी गुरुजींना विचारलं.

"खुरासणी. तुमच्याकडे कारळे म्हणतात."

कारळे! म्हणजे माझ्या आईच्या डब्यातली ती काळी चटणी. भाकरीवर तेल घालून खातो ती. मावशी सोलापूरची. दर वेळी इंडियातून जाताना कारळ्याच्या चटणीची पुडी सामानात असतेच. पंधरा वर्षं ती स्वयंपाकघरात कारळ्याची चटणी खात होती आणि खिडकीबाहेर काका पाखरांना कारळेच घालत होते. दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही. चटणीत ते कुटलेले, पिशवीत अख्खे आणि इंग्रजी नावाने!

पाखरांचं एक्स्पोर्ट क्वालिटी जेवण

परतल्यावर मी यावर चिक्कार वाचलं. कारळे मूळचे इथिओपियाचे, फार पूर्वी भारतात आले. सूर्यफुलाच्या कुळातले. हिंदीत रामतीळ. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगरउतार या फुलांनी पिवळे होतात. जिथे दुसरं पीक नाक मुरडतं अशा हलक्या, उताराच्या जमिनीत, बिनापाण्याचं येणारं हे पीक. म्हणून ते सातपुड्यात, डांगात, इगतपुरीच्या डोंगरात दिसतं. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रात त्याच्या सुधारित जातींवर काम झालंय.

आणि परदेशात? तिथे हे दाणे बहुतेक पाखरांसाठी विकत घेतले जातात. गोल्डफिंचची चोच बारीक आणि टोकदार. काटेरी झुडपांच्या बोंडातून बी उपसायला घडलेली. कारळ्याचा दाणा त्या चोचीत फिट्ट बसतो, वर तेलाने भरलेला. थंडीत पाखराला याहून चांगलं काय हवं? अमेरिकेत जाणारा माल आधी १२० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं भाजून निघावा लागतो. कारण दाण्यांबरोबर अमरवेलीसारख्या तणांचं बी जाऊ शकतं आणि ते तिथल्या शेतात रुजू नये. दाणा रुजत नाही, पण खायला उत्तम राहतो. नावाचीही गंमत. 'नायजर' हा शब्द तिकडे भलताच उच्चारला जाऊ लागला, म्हणून तिथल्या पक्षीखाद्य उद्योगाने १९९८ मध्ये स्पेलिंग बदलून नवा ट्रेडमार्कच घेतला. आपल्या आजीच्या चटणीचा असा ब्रँड मेकओव्हर!

याहांचेच कारळे काकांच्या नळकांड्यात गेले असं काही मी म्हणणार नाही. त्यांचे तर घरच्या तेला-चटणीतच संपतात. पण ओळख पटली ती पटलीच.

'हाच पिवळा होतो'

आता मूळ प्रश्न. पाखरं गेली कुठे?

याहांच्या परसाच्या खालच्या अंगाला, पाण्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकत होती. रिकामी, वाळलेली, वाऱ्यावर हलणारी. मी विचारलं, सुगरणी गेल्या का? याहा हसल्या आणि कुंपणावरच्या तपकिरी पाखरांकडे बोट दाखवलं. काहीतरी म्हणाल्या. गुरुजींनी मराठी केलं: "ह्याच त्या. पावसात नर पिवळा होतो. आता कामं झाली, पिवळा अंगरखा उतरवून ठेवला."

माझ्या डोक्यात एकदम लाइट लागला. सुगरणीचा नर विणीच्या हंगामात डोक्यावर आणि छातीवर पिवळा असतो, इतर वेळी मादीसारखाच तपकिरी. डॉ. सालिम अलींनी किहीमला १९३० च्या सुमाराला सुगरणींचा अभ्यास केला. एक नर एकामागून एक घरटी बांधतो आणि प्रत्येक घरट्यात वेगळी मादी संसार थाटते, हे तेव्हा नीट समोर आलं. तर गोल्डफिंचही असाच अंगरखा बदलतो का? रेंज मिळाली तेव्हा, टेकडीवर एका पायावर उभी राहून, मी ते शोधलं. हो! हे पाखरू वर्षातून दोनदा पिसं बदलतं. वसंतात नर पिवळाधमक, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मळकट ऑलिव्ह-तपकिरी. थोडे दक्षिणेला सरकतात, पण न्यू जर्सीत बरेचसे हिवाळाभर राहतात. म्हणजे काका गेले त्याच सुमाराला पाखरांनी पिवळा अंगरखा उतरवला होता. काकांना ते माहीत होतं. मावशी पाखरं बघायची ती फक्त काकांनी हाक मारली की.

पण मावशी म्हणाली होती, नळकांड्यावर कुणीच बसत नाही. तपकिरीही नाही. मग?

त्या संध्याकाळी चुलीपाशी याहांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांचं जुनं घर खाली होतं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मागे चिंच, बाभळी, शिंदी. पाखरांना तोटा नाही. पाणी चढलं तसं घराचे खांब उपटून वर आणले आणि या उघड्या उतारावर पुन्हा रोवले. घर झालं, चूल झाली, पण परस मुकं. दोन पावसाळे सुगरण फिरकली नाही. "रात्री झोप लागायची, पहाटे जाग यायची नाही," याहा म्हणाल्या. जाग आणायला पाखरं नव्हती ना! मग त्यांनी कडेची एक ओळ ज्वारी आणि थोडे कारळे कापायचेच नाहीत असं ठरवलं. कुंपणाला लावलेली बाभूळ तोडू दिली नाही. हळूहळू आधी मुनिया आल्या, मग सुगरणी.

मला वाटलं, वा, किती हे पक्षीप्रेम! तेवढ्यात त्यांच्या नातवाने कोपऱ्यातली गोफण दाखवली. मुख्य शेतात पाखरू उतरलं की याहा स्वतः गोफण फिरवतात. तिथे दया-माया नाही. कडेची ओळ पाखरांची, शेत माणसांचं. "शेतातलं त्यांना दिलं तर आम्ही काय खाणार? आणि कडेचं आम्ही खाल्लं तर ते कुठे जाणार?" हिशेब साफ. याच मुलखात लोक नवं धान्य बांबूच्या टोपलीत घालून देवमोगऱ्याच्या याहामोगीला नेतात. कुणाचा किती वाटा, हे इथे शिकवावं लागत नाही.

मी विचारलं, दुसरीकडे जमीन मिळत होती ना? एक मुलगा गेलाय, म्हणाल्या. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत. बोलावतो. त्या जाऊन येतात, चार दिवस राहतात, परत येतात. "तिथे काय कमी आहे असं नाही. पण हे परस मी दोनदा केलंय. तिसऱ्यांदा होणार नाही."

मी काही बोलले नाही. एडिसनची खिडकी आठवत होती.

तीन साध्या चुका

परत आल्यावर मावशीला व्हिडिओ कॉल लावला. आधी टोपलीतल्या कारळ्यांचा फोटो दाखवला. ती दोन मिनिटं गप्प आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. सप्टेंबरनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. मग आम्ही दोघींनी कामाला हात घातला.

पहिलं, नळकांडं. काका गेल्यापासून त्यात तेच दाणे होते. पावसात भिजलेले, तळाला बुरशी धरलेले. कारळ्यातलं तेल सुकलं की दाणा पाखराच्या दृष्टीने संपला. गोल्डफिंच याबाबतीत पक्के पुणेकर, शिळं चालत नाही. मावशीने सगळं ओतून टाकलं, नळकांडं गरम पाण्याने घासलं, पूर्ण वाळवलं. घाणेरड्या फीडरवरून पाखरांत रोग पसरतात, त्यामुळे हे दर दोन आठवड्यांनी करायचं. नवी पिशवी आणली, तीही लहान. दोन दाणे नखाने दाबून बघायचे, तेलाचा डाग पडला तर ताजे.

दुसरं, परसबाग. दिवस झाल्यावर मावसभावाने प्रेमाने एका माणसाला बोलावून मागचं सगळं 'क्लीन' करून घेतलं होतं. काकांनी मुद्दाम उभी ठेवलेली सूर्यफुलं, कोनफ्लॉवरची वाळकी बोंडं, कुंपणाजवळचं काटेरी रान, सगळं साफ. आता गोल्डफिंच हा पक्का शाकाहारी. बहुतेक बीखाऊ पक्षी पिल्लांना तरी किडे भरवतात. आपली चिमणी आणि सुगरणही भरवतात. हा पिल्लांनाही बियांचंच भरवतो. म्हणून तो इतरांपेक्षा उशिरा, जून-जुलैत घरटं करतो, काटेरी झुडपांना म्हातारीसारखा कापूस धरला की. त्या कापसाचंच घरट्यात अस्तर. अशा पाखरासाठी नळकांडं म्हणजे हॉटेल आणि वाळकी बोंडं म्हणजे घरचं जेवण. घरच बंद केल्यावर हॉटेलकडे कोण बघतं?

तिसरं, रंग. "मावशी, पिवळं शोधू नकोस. चिमणीएवढं मळकं काहीतरी दिसलं, पंखावर पांढरी पट्टी असली, तर फोटो काढ."

अठरा दिवस काही नाही. रोज रात्री मी विचारायचे, ती "अं हं" म्हणायची. एकोणिसाव्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. धुरकट, खिडकीच्या काचेतून काढलेला, झूम करून फाटलेला. बर्फ, नळकांडं, त्यावर चार मळकट पाखरं. खाली मावशीचं एकच वाक्य: "ह्याच का गं त्या?"

ह्याच त्या. या वेळी मी अंगठा टाकला नाही, फोन केला.

आता तुमच्या बाल्कनीत

तुम्ही म्हणाल, छान, पण आमच्याकडे कुठे गोल्डफिंच? बरोबर. महाराष्ट्रात तो नाहीच. त्याचा हिमालयातला चुलतभाऊ बघायचा तर हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकला जावं लागेल. मात्र त्याच कुळातला रोझफिंच हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणा येतो, शेताकडेला, झुडपांत. आणि शहरात बी खाणारी आपली मंडळी आहेतच: चिमणी, मुनिया, आणि गावाच्या वेशीला राहत असाल तर सुगरण. मणिबेलीहून आल्यावर मी माझ्या बाल्कनीत जे केलं ते सांगते. खर्च अगदी कमी, वीकेंड एक.

दाणे फेकणं बंद करा. तांदूळ, शेव, गाठी म्हणजे कबुतरांना आमंत्रण. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला, ते आठवत असेलच. कबुतरांच्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. भूतदया हवी, पण शेजाऱ्याच्या छातीवर नको.

त्याऐवजी बी पेरा. दोन मोठ्या कुंड्यांत बाजरी किंवा राळा, एकीत कारळे. किराणा दुकानातले न भाजलेले मूठभर पुरतात. जून-जुलैत पेरा, दिवाळीच्या आसपास दाणे भरतील. बारीक ताटावर मुनिया लीलया झोका घेते, कबुतराला मात्र ते जमत नाही. बिनपैशांचं कबूतरप्रूफ डिझाइन!

मग सगळ्यात अवघड काम: काही करू नका. झेंडू वाळला, काढू नका. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका. राजगिरा, माठ तुरा येईपर्यंत राहू द्या. आपल्याला वाळकं दिसलं की हात शिवशिवतात, आणि सोसायटीच्या माळीकाकांचे तर जास्तच. त्यांना एक चहा पाजा आणि एक कोपरा मागून घ्या.

मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी, रोज बदलून. डासही होत नाहीत. फवारणी बंद, कारण चिमणीच्या पिल्लांना किडे लागतात. आणि कुणी पिंजऱ्यातल्या रंगीत मुनिया विकत असेल तर 'सोडून देऊ' म्हणूनही घेऊ नका. आपण एक सोडतो, तो दहा पकडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हाही आहे.

आणि धीर धरा. याहांना दोन पावसाळे लागले. मावशीला एकोणीस दिवस. मला अडीच महिने. जानेवारीतल्या एका सोमवारी, लॉगिन करायला दहा मिनिटं उरलेली असताना, बाजरीच्या ताटावर दोन मुनिया बसल्या. मी लॉगिन उशिरा केलं. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही.

मावशीने घराचं काय ठरवलं? अजून ठरवलेलं नाही. मावसभावाला तिने सांगितलंय, "उन्हाळा संपेपर्यंत विषय काढू नकोस." एप्रिलमध्ये तिचा फोटो आला. आता बऱ्यापैकी स्पष्ट, फोकस जमायला लागलाय. एक नर, अर्धा मळका, अर्धा पिवळा, घाईघाईत कपडे बदलताना पकडल्यासारखा. तिने मागच्या कोपऱ्यात सूर्यफुलं पेरलीत आणि कुंपणाजवळचं रान परत वाढू दिलंय. पुढे टेक्ससला गेली तर जाईल. पण "पाखरं गेली म्हणून" असं कारण आता राहिलेलं नाही.

त्या फोटोत, खिडकीच्या कट्ट्यावर, एक बशी दिसते. बशीत भाकरीचा तुकडा आणि काळी चटणी. काचेच्या आत एकीचं जेवण, काचेबाहेर दुसऱ्याचं. पदार्थ एकच.